पिवळ्या फडक्यातला राणीछाप

त्या रुपयावर मी कधी श्वाससुद्धा सोडला नव्हता. डबी उघडायची झालीच तर आधी आंघोळ, मग धुतलेलं धोतर, टेबलावर घडी घातलेला मऊ पंचा, पंखा बंद, हातांत पांढरे सुती हातमोजे. नाणं धरायचं ते फक्त कडेने, अंगठा आणि मधल्या बोटात, चेहरा बाजूला वळवून. तेवढ्या वेळात बोलायचं नाही. तोंडातून न दिसणारा एक शिंतोडा उडाला तरी काही महिन्यांनी तिथे काळा ठिपका उगवतो, आणि तो ठिपका मग जन्मभर जात नाही. काढायला गेलात तर नाणं जातं.

प्रूफ नाणं बाजारासाठी जन्माला येतच नाही. टांकसाळीत त्याचे ठसे आरशासारखे घासतात, चांदीची चकतीही वेगळी निवडून घासतात, आणि सावकाश, एकाहून जास्त वेळा दाब देऊन ते उठवतात. मग भोवतालची भुई आरसा होते आणि राणीचा चेहरा सायीसारखा पांढुरका वर येतो. माझ्याकडे होता तो राणीछाप रुपया तसा होता. बड्या साहेबाला किंवा दरबारी माणसाला नजर करायला काढलेला. इतक्या वर्षांत त्याने एक पानाचा विडासुद्धा विकत घेतला नव्हता.

मी स्वतः भांड्यांच्या मोडीत वाढलो. वडील लग्नकार्यात आचारी होते. मी शाळा सोडली आणि कुंभकोणमच्या गल्ल्यांतून सायकलवर पितळेची फुटकी भांडी गोळा करू लागलो. आज मोठ्या रस्त्यावर समयांचं दुकान आहे, ते कुणाच्या कृपेने नाही. भाव करताना मी आवाज चढवतो, उठून चालायला लागतो, परत येतो. सौदा ठरला की शेवटी एक वस्तू वर मागून घेतो. ही माझी सवय बाजारात सगळ्यांना माहीत आहे. साक्कोट्टैला एक घर होतं, तंजावर दरबाराशी जुना संबंध असलेलं, आमच्यासारखंच मराठी बोलणारं. मुलं परदेशात गेलेली, म्हातारा चेन्नईला फ्लॅटमध्ये राहायला निघालेला. मी हंडे आणि घंगाळं तागडीवर घेतली आणि सवयीने म्हणालो, "वर काय देता, काका?" त्यांनी फडताळातून एक निळी मखमली डबी काढून पितळेच्या ढिगावर टाकली. आत दोन खळगे होते. एकात रुपया, दुसऱ्यात अधेली, म्हणजे त्याच घडणीचा अर्धा रुपया.

अधेलीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मला तेव्हा काही कळत नव्हतं. मी ती बेंगळुरूला नाण्यांच्या प्रदर्शनात घेऊन गेलो. पुण्याचा एक व्यापारी टेबल लावून बसला होता. मराठी माणूस म्हणून मी खूश झालो आणि आमच्या घरच्या भाषेत बोलायला लागलो. आमची मराठी तंजावरात येऊन थांबली ती थांबली, पुण्याच्या कानाला ती जुनी लागते. तो शेजारच्या टेबलवाल्याकडे वळून म्हणाला, "अहो, ऐका ऐका, बखर चालत आलीय!" दोघं हसले. मग त्याने डोळ्याला भिंग लावलं, अधेली दिव्याखाली फिरवली आणि जीभ टाळ्याला लावून चक् केलं. "पुसलीत ना धोतराने? या बघा रेघा. गेली. चांदीच्या वजनाने पैसे देतो, मराठी माणूस म्हणून." मी वजनाने दिली. मी, ज्याने आयुष्यभर लोकांची भांडी वजनाने घेतली! काही महिन्यांनी एका लिलावाच्या छापील पुस्तकात तीच अधेली पाहिली. कडेच्या एका बारीक खुणेवरून ओळखली. खाली लिहिलं होतं, अस्पर्श, आरसा पूर्ण, अशी दुसरी मिळणे कठीण.

त्या दिवसापासून मी दोन गोष्टी शिकलो. नाणी शिकलो, आणि पुस्तकी मराठी शिकलो. दोन्ही रागाने. रुपयासाठी हवाबंद प्लास्टिकची डबी आणली. ती मखमली डबीत आणि मखमली डबी लोखंडी कपाटात ठेवली. दर्जा ठरवून देणाऱ्या कंपनीकडे पाठवायचा धीर झाला नाही. कुरियरवाल्याच्या थैलीत तो आपटत जाणार, या विचाराने मला घाम फुटायचा.

घरात आम्ही तिघं. मी, बायको आणि अक्का. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. लग्नानंतर वर्षभरात नवरा गेला आणि ती परत आली, तेव्हापासून इथेच आहे. आमचं घर वैष्णव आणि अक्कामुळे सोवळं अजून कडक. माझा नाण्याचा सोहळा ती दारात उभी राहून पाहायची. शेजारणीला सांगायची, "त्याचाही एक देव आहे. कपाटात असतो. नैवेद्य लागत नाही, तेवढं बरं." मला ते आवडायचं. त्या बोलण्याचा पुढे काय अर्थ निघणार आहे, हे तेव्हा कळलं असतं तर मी कपाटाची किल्ली गिळून टाकली असती.

मागच्या वर्षी त्या पुण्याच्या व्यापाऱ्याचा फोन आला. माझ्याकडे रुपया आहे हे त्याला कुठून तरी कळलं होतं. आवाजात लोणी होतं. "काय तंजावरकर, ओळख आहे ना? कुंभकोणमला येईन म्हणतो. दर्शनही होईल." मी म्हणालो, "या." मनात सगळं ठरवून टाकलं. त्याला बाकावर बसवायचं, त्याचंच भिंग त्याच्या हातात द्यायचं, रुपया त्याच्यासमोर ठेवायचा. तो बघेल, त्याच्या तोंडाला पाणी सुटेल, तो आकडा बोलेल, वाढवेल, परत वाढवेल. आणि मी म्हणेन, नाही. रुपया विकायचा नव्हताच. त्याला दाखवायचा होता. वर्षानुवर्षं मी त्या एका 'नाही'साठी तो जपला होता.

त्याच्या येण्याला पंधरा दिवस असताना बायको स्वयंपाकघरात खाली बसली ती उठेना. पोटात उजवीकडे दुखत होतं, अंग तापलेलं. दोन दिवस ती 'पित्त आहे' म्हणून ताकावर होती आणि मी तिला तेवढ्यावर सोडलं होतं. इथल्या डॉक्टरांनी हात लावून पाहिलं आणि सरळ तंजावरला न्यायला सांगितलं. ॲम्ब्युलन्समध्ये चढताना तिने कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडून अक्काच्या हातात दिला. तिने तो जुडगा याआधी कधी कुणाला दिलेला मी पाहिला नव्हता.

तंजावरच्या इस्पितळात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने तमिळमध्ये शांतपणे सांगितलं, पित्ताशय सडलं आहे, विष रक्तात गेलं आहे, नळी घालून पू काढतो, ऑपरेशन आत्ता झेपणार नाही. दोन दिवस नीट निघाले तर पुढचं बोलू. मी म्हणालो, "दुसरं मोठं औषध असेल तर ते द्या. जे लागेल ते." ती म्हणाली, "सगळ्यात मोठं तेच चालू आहे, सार. भयप्पडादींग." घाबरू नका. इस्पितळात ज्याला हे सांगतात त्याने घाबरावं, हे मला कळत होतं. मी मागे वळून चालायला लागलो, बाजारात करतो तसा, आणि दारापर्यंत जाऊन उभा राहिलो. मला कुणी परत बोलावलं नाही. इथे ती युक्ती कुणावर चालवायची तेच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विम्याचे कागद आणायला मी घरी आलो. कागद लोखंडी कपाटात होते. ते काढताना हात सवयीने मखमली डबीकडे गेला. का उघडली, सांगता येत नाही. माणूस घाबरला की आपली एक वस्तू जागेवर आहे का ते बघतो. खळग्यात काही नव्हतं. प्लास्टिकची डबी शेजारी होती, दोन अर्धुकं वेगळी केलेली, रिकामी.

त्या क्षणी मला पुण्याचा व्यापारी आठवला. त्याने माणूस पाठवला, इस्पितळाची गडबड साधली, असं सगळं एका दमात डोक्यात येऊन गेलं. मी असा ओरडलो की समोरच्या घरातली बाई गॅलरीत आली. अक्का देवघरातून बाहेर आली. ओलेती होती.

"ओरडू नकोस. कपाट मी उघडलं."

"रुपया कुठाय?"

"देवापाशी."

मी देवघराच्या उंबऱ्याशी गेलो. तसबिरीच्या खिळ्याला हळदीत भिजवलेल्या पिवळ्या फडक्याची एक लहानशी गाठ लोंबत होती. तिच्या टोकाला हळदीचं पाणी जमून फरशीवर ठिपका पडला होता.

आमच्याकडे हे सगळ्यांना ठाऊक आहे. घरात कुणी दगावतंय असं वाटलं की हळदीच्या ओल्या फडक्यात एक रुपया बांधायचा आणि सात डोंगरांच्या देवाला सांगायचं, याला वाचव, मी आणून घालते. माणूस उठून बसला की ती गाठ तशीच, न सोडता, देवळातल्या हुंडीत, दानपेटीत, टाकायची. मधे सोडली तर सौदा मोडला. आणि तो देव व्याजासकट वसूल करणारा आहे, असं लहानपणापासून ऐकत आलोय.

"अक्का," मी म्हणालो. "तू हात लावलास?"

"मला वेडी समजतोस? न्हाले. तुझे ते पांढरे हातमोजे घातले. कडेनेच धरला, तू धरतोस तसा. तोंडसुद्धा फिरवलं."

"आणि वरची डबी?"

"काढली. देवाला प्लास्टिकसकट वाहायचं?"

मी खाली बसलो. ओलं सुती कापड त्या आरशावर घट्ट पिळून बसलं होतं. कापडाचा एकेक धागा म्हणजे एकेक रेघ. हळदीचं पाणी म्हणजे डाग. घटकाभराने काय होतं, दिवसाने काय होतं, हे मला पुस्तकातलं सगळं पाठ होतं आणि ते एकदम आठवलं.

"देवळात रोज ढिगाने रुपये पडतात," मी म्हणालो. "पेटीत सुटे होते. त्यातला एक का नाही घेतलास?"

"ते? दहा हातांतून फिरलेले? मासळीबाजारात जाऊन आलेले?" अक्काने पदर खांद्यावर घट्ट ओढला. "त्यातून गाठ मारणारी मी. माझे हात कसे आहेत ते आपल्या लोकांनी मला कितीदा सांगितलंय. लग्नात हळदीला हात लावू नकोस, पहिली ओटी भरू नकोस. म्हणून निदान नाणं तरी असं हवं होतं, ज्याला कुणाचाच हात लागलेला नाही. तसं या घरात एकच होतं. तूच दाखवलंस, एवढी वर्षं."

तरी मी बोललो. मला थांबता येत नाही. "दुसरा बांध. बँकेतून कोरे आणून देतो, पुडकंच्या पुडकं. देव काय भिंग लावून बघतो?"

"देवाशी घासाघीस करतोस?" ती म्हणाली. "कर. ती तिकडे नळ्या लावून पडलीय आणि तू इकडे भाव पाड. मी गाठ सोडणार नाही. तुला सोडायची तर सोड. तुझी बायको आहे."

आणि ती पाणी तापवायला निघून गेली.

मी देवघरात एकटा राहिलो. ऊन चढलं होतं. रस्त्यावरून पानवाल्याची सायकल गेली, पानांच्या ओल्या टोपल्यांचा वास आत आला. मी उठलो, खिळ्यावरून गाठ काढली. मनात हिशोब सरळ होता. हळद आणि बॅक्टेरियाचा एकमेकांशी काही संबंध नाही. तंजावरला औषध चालू आहे, ते इथल्या गाठीला विचारून चालत नाही. आत्ता सोडला, उकळून गार केलेल्या पाण्यात सोडला, न पुसता सुकवला, तर कदाचित आरसा वाचेल. गाठीच्या वरच्या टोकात मी नख घातलं. अक्काने दोनदा मारली होती. पहिली गाठ सैल झाली.

तेव्हा फोन वाजला. इस्पितळाचा होता. रक्तदाब उतरलाय, सही लागेल, लगेच या.

लोक सांगतात, हातपाय गळाले. माझे गळाले नाहीत. ती गाठ मी इतकी घट्ट ओढली की बोटं पिवळी झाली. तिच्यावर तिसरी गाठ मारली, चौथी मारली, खिळ्याला टांगली, आणि हात जोडताना माझ्या तोंडातून शब्द आला, "नाही, नाही, नाही." बाजारातलाच शब्द. तो कुणाला उद्देशून होता हे मला अजून नक्की सांगता येत नाही. तो योगायोग होता. फोन ज्या वेळी येणार होता त्याच वेळी आला. हे मी टॅक्सीत स्वतःला सारखं सांगत होतो. पापनाशमच्या रेल्वे फाटकाशी गाडी थांबली आणि फाटक उघडेना, तेव्हा मात्र मी ड्रायव्हरवर ओरडलो, आणि मग तोंड दाबून रडलो. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं आणि गाणं बंद केलं.

ती गेली नाही. ते दोन दिवस मी काय केलं, हे फारसं आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की काचेतून तिच्या शेजारच्या यंत्रावरचा आकडा दिसायचा आणि मी डोळे मिटले तरी मला पिवळं फडकं दिसायचं. ते सुकलं असेल का, हा विचार यायचा आणि तो विचार आल्याचीच भीती वाटायची. जणू कुणीतरी तिकडे ऐकतंय. अक्काला फोन करायचो, ती म्हणायची, "आहे जागेवर." मी विचारायचो, "ओल कितपत आहे?" ती फोन ठेवायची.

तिसऱ्या दिवशी बायकोने डोळे उघडले, माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "गच्चीवरची पाण्याची मोटर कुणी बंद केली?" मी डॉक्टरणीला बोलावून आणलं. ती हसली. म्हणाली, धोका बराचसा गेला, पण पूर्ण नाही. नळी घेऊनच घरी जातील. महिन्याने तपासू, मग काय ते ठरवू.

'पूर्ण नाही' हे शब्द मी घरी आल्यावर अक्काला सांगितले, आणि सांगितल्याबरोबर चूक कळली. "मग महिना झाल्याशिवाय गाठ हलायची नाही," ती म्हणाली.

आणि पुण्याचा व्यापारी आला. मी त्याचं येणं विसरूनच गेलो होतो. सकाळी दाराशी टॅक्सी उभी राहिली, तो उतरला, कपाळाला देवळातलं ताजं नाम, हातात चामड्याची बॅग. बायको आतल्या खोलीत झोपली होती, पोटाला नळी, उशाशी घंटा. अक्का कॉफीचं बघत होती.

"काय तंजावरकर! वा, मराठी सुधारली की तुमची फोनवर! कुठे शिकलात?"

"रागाकडे," मी म्हणालो. "चांगला मास्तर आहे. फी फक्त एकदाच घेतली, बेंगळुरूला."

तो हसला, विषय ओळखून बाजूला सरला. "झालं ते झालं. धंदा आहे. बघू या राणी?"

मी देवघराच्या उघड्या दाराकडे बोट दाखवलं. खिळ्याला गाठ होती, आता सुकलेली, कडक झालेली.

"तिथे? त्या फडक्यात?" तो आधी हसला, मग माझं तोंड बघून थांबला. "हळद लावलीत? अहो, राणीला बोहल्यावर चढवलंत की काय!"

मी थोडक्यात सांगितलं. त्याने बॅग मांडीवर घेतली. चेहरा एकदम धंद्याचा झाला, आणि खरं सांगायचं तर थोडा कळवळलासुद्धा. त्याला नाणी आवडत होती, हे मान्य करावं लागतं. "सोडा ते. आत्ता, माझ्यासमोर सोडा. कदाचित एक बाजू वाचली असेल. मी बघून सांगतो. दुसरं नाणं बांधा तिथे. देवाकडे काय भिंग असतं?"

माझं वाक्य होतं. मीच अक्काला म्हटलं होतं. ते त्याच्या तोंडून बाहेर पडलं आणि मला त्याची किळस आली.

"गाठ सुटणार नाही."

"किंमत तरी ऐका."

"नको."

तो मागे टेकला. मला निरखत राहिला. मग हळूहळू त्याच्या ओठांवर बेंगळुरूचं हसू आलं. "अच्छा. म्हणजे नाहीच आहे, असं समजू ना? गाठीत काय, दहा रुपयांचं चालू नाणंही मावतं. मी सातआठशे मैल आलो आणि तुम्ही मला फडकं दाखवताय. पुढे लोक विचारतील, तंजावरकरांचा रुपया पाहिलात का? मी काय सांगू? हळदीकुंकवाला गेलो होतो?" तो हलकेच पुढे झुकला. "बखरीतलेच हो तुम्ही. थापासुद्धा जुन्या."

मी उठलो ते मला कळलंच नाही. एका ढांगेत देवघरात, हात गाठीवर. वर्षानुवर्षं ज्याच्यासाठी झुरलो तो क्षण तिथे चार बोटांवर होता. फडकं फाडायचं, त्याच्या नाकासमोर धरायचं. डागाळलेला असो, रेघा पडलेल्या असोत, पण होता हे त्याला दिसलं असतं. गाठ माझ्या मुठीत होती.

आतून घंटा वाजली नाही. आवाज आला. "कोण आलंय हो? कॉफी ठेवू का?"

जिला कुशीवर वळता येत नव्हतं, ती विचारत होती. पलंग करकरला. ती उठायला बघत होती.

बोटं एकेक करून सोडवावी लागली. "तू उठू नकोस!" मी ओरडलो. "अक्का करतेय! झोपून राहा!"

बाहेर येऊन मी बाकावर बसलो. हात पिवळे दिसत होते. मी ते गुडघ्यांखाली दाबून ठेवले. व्यापारी माझ्याकडे बघत होता, आणि त्याला काय कळलं ते त्याचं त्याला ठाऊक. अक्काने त्याच्यापुढे पितळेचा पेला ठेवला. तो कॉफी प्यायला, "कॉफी मात्र फर्स्टक्लास," म्हणाला, आणि गेला. तो आता सगळीकडे सांगत फिरेल, तंजावरकरांकडे काही नव्हतं. सांगतोच आहे. मला दोघांकडून कळलं. ते ऐकलं की अजून माझी कानशिलं तापतात आणि जेवण कडू होतं. अधेली गेली तेव्हा मी अडाणी ठरलो होतो, रुपयाने मला खोटा ठरवलं.

महिन्याने तपासणी झाली. पुढे पित्ताशय काढलं. जखम भरली. तोवर मी रोज सकाळी देवघरात जायचो, नमस्कार करायचो आणि गाठीकडे न बघता परत यायचो. सोवळ्यात असल्यासारखं तिच्यापासून हातभर लांबून.

डोंगर चढणं बायकोला झेपणार नव्हतं. पण आमच्या गावापासून थोड्या अंतरावर, ज्याला नैवेद्य बिनमिठाचा लागतो त्या देवाचं देऊळ आहे. हा डोंगरावरच्याचा थोरला भाऊ, त्याचा नवस इथे फेडला तरी त्याला पोचतो, असं आमच्याकडे मानतात. आम्ही तिघं रिक्षाने गेलो. बाहेर तुळशीच्या हाराचा भाव मी विचारला, बाईने सांगितला तो दिला, आणि अक्काने माझ्याकडे वळून पाहिलं.

हुंडीसमोर गर्दी नव्हती. गाठ अक्काने काढून बायकोच्या हातात द्यायला पुढे केली. बायको म्हणाली, "त्यांनाच टाकू दे."

मी घेतली. फडकं आता कागदासारखं झालं होतं. त्यातून बोटांना कड लागली, कडेवरच्या बारीक खाचा लागल्या. आत तोच होता. पलीकडे त्याची काय दशा झाली होती, काळा पडला होता की हळदीचा, की गाठ इतकी घट्ट बसली की आरशाला काहीच झालं नव्हतं, हे मला कळलं नाही, कळणारही नाही. अंगठा आणि मधलं बोट आपोआप कडेवर गेलं. मान बाजूला वळली. मागे एक म्हातारा खाकरला.

"श्वास तरी घ्या," बायको हळूच म्हणाली.

मी घेतला, सोडला, आणि बोटं उघडली.

खाली कसला आवाज झाला ते घंटेत ऐकूही आलं नाही. आम्ही बिनमिठाचा भात खाल्ला. अक्काने दोनदा मागून घेतला. बाहेर येताना पायऱ्यांवर बायको एकदम थांबली, माझा दंड धरला. मी तिच्या चेहऱ्याचा रंग पाहिला, ओठ पाहिले, पोटाकडे पाहिलं.

"काय झालं? दुखतंय? बस, इथेच बस."

"काही नाही हो," ती म्हणाली. "माझी चप्पल दिसत नाही."